आईसाठी वायरचा फोन बसवलाय, सेलही घातलेत, तरी लाइट गेली की फोन मुका. काय चुकतंय?

मलप्रभेकाठची (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी बेळगावात, टिळकवाडीत राहते. माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. आई तिथं एकटीच असते, वय ७८.

घरात १९९६ पासून टेलिफोन आहे आणि नंबर तेव्हापासून तोच. पुण्याच्या मामांपासून चंदगडच्या आत्यापर्यंत सगळ्यांच्या वहीत तो लिहिलेला आहे. मध्यंतरी आईला मोबाइल देऊन बघितला. पावसाळ्यात रेंज कधी पायरीवर येते, कधी गोठ्याच्या मागं. आणि काचेवर बोट फिरवायचं तिला जमत नाही. भात लावून-कापून बोटं इतकी राठ झालीत की स्क्रीनला ती लागलेली कळतच नाहीत. रिसीव्हर उचलायचा, कानाला लावायचा, बोलायचं, हे मात्र ती झोपेतसुद्धा करेल. म्हणून वायरचा फोनच ठेवायचं ठरलं.

गेल्या वर्षी तांब्याची लाइन बंद होऊन खांबावरून फायबर आलं. सोप्यात भिंतीवर पांढरा मोडेम बसला. त्याच्या मागं फोनचं चित्र असलेल्या भोकात टेलिफोनची वायर घातली. जुन्या फोनची बेल त्यावर अगदी क्षीण वाजायची, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी बेळगावातून नंबर दिसणारा नवा फोन आणला. त्याच्या पोटाखाली तीन सेलची खाच आहे. दुकानदार म्हणाला, “अक्का, सेल घाला, लाइट गेली तरी चालतंय.” मी विश्वास ठेवला.

शनिवारी संध्याकाळी वारं सुटलं आणि तिकडं लाइट गेली. मी सात वाजता फोन लावला, लागला नाही. साडेसातला नाही, आठला नाही. शेवटी शेजारच्या मुलाचा मोबाइल लागला, तो जाऊन बघून आला. आई दिवा लावून फोनजवळच बसली होती. रिसीव्हर उचलून उचलून बघत होती, आत टोनच नव्हता. सेल नवे असून हे कसं? शिवाय लाइट असतानाही पडद्यावरचे आकडे पुसट दिसतात आणि कुणाचा फोन आलाय तो नंबर उमटतच नाही. फोन बदलून घ्यावा का? ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर सांगा. येत्या रविवारी मी गावी जाणार आहे, एकाच फेरीत काम व्हायला पाहिजे.

अनगोळचा (सोमवार, रात्री १०.०५)

ताई, सेल कुठले घातलेत? आमच्याकडं पण असलाच फोन आहे, आकडे पुसट दिसले म्हणजे सेल उतरलेत. मी घरात पडलेले रिचार्जेबल घातलेत, चालतंय की. पण लाइट गेल्यावर बंद पडायचं कारण मला पण कळलेलं नाही.

मलप्रभेकाठची (सोमवार, रात्री १०.२०)

भाच्याच्या खेळण्यातले दोन रिचार्जेबल आणि एक साधा नवा. त्या दिवशी घरात तेवढेच होते.

पिलर_ते_रोझेट (मंगळवार, सकाळी ६.५०)

ताई, मी ३१ वर्षं टेलिफोनच्या लाइनवर काढली, त्यातली बरीचशी खानापूर तालुक्याच्या जंगलात. तुमचा फोन चांगला आहे, बदलू नका. सेलचं काम कुठलं आणि लाइनचं कुठलं हे कुणी समजावून दिलं नाही, म्हणून घोळ झालाय. वेळ काढून लिहितोय, सावकाश वाचा.

तांब्याच्या जोडीवरून नुसतं बोलणं येत नव्हतं, फोनला लागणारी वीजही तिथूनच येत होती. एक्स्चेंजमध्ये दोन-दोन व्होल्टचे २४ मोठे शिशाचे सेल ओळीनं जोडलेले असतात, त्यांचे होतात ४८ व्होल्ट. रिसीव्हर ठेवलेला असताना घरच्या रोझेटवर (भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीवर) मीटर लावला तर साधारण तेवढेच दिसायचे. उचलला की वायरीतून वीस-तीस मिलिअँपियर वाहायला लागतात, रोझेटवरचे व्होल्ट दहाच्या आसपास उतरतात, आणि त्यावरूनच एक्स्चेंजला कळतं की पलीकडं कुणीतरी उचललंय, टोन द्यायचा. बेलसाठी वेगळी, उलटसुलट होणारी वीज सोडतात, ७५ व्होल्टच्या घरातली, सेकंदाला २५ फेऱ्यांची. गावात आठ दिवस लाइट नसली तरी फोन चालायचा तो ह्या बॅटऱ्यांवर, आणि त्यांच्यामागं जनरेटर असायचा म्हणून. त्या ४८ व्होल्टचं धन टोक जमिनीला बांधतात आणि लाइनवर ऋण ठेवतात, कारण ओलीत पडलेलं तांबं तसं कमी झिजतं. कणकुंबीच्या पावसात ह्याची किंमत आम्हाला चांगली कळायची.

मग फोनमध्ये सेल कशाला? रिसीव्हर ठेवलेला असताना फोननं लाइनमधून जवळजवळ काहीच वीज घ्यायची नसते. घेतली तर एक्स्चेंजला वाटणार, उचलला. पण पडदा, घड्याळ, साठवलेले नंबर यांना रात्रंदिवस थोडी थोडी वीज लागते. ती सेल देतात. बोलणं आणि बेल यांच्याशी त्यांचा संबंध नाही. अशा बहुतेक फोनांतले सेल काढून टाकले तरी तांब्याच्या लाइनवर साधं बोलणं चालतं, फक्त पडदा आंधळा होतो. दुकानदार बोलला ते तांब्याच्या काळात खरं होतं, पण लाइट गेल्यावर फोन चालायचा तो सेलमुळं नव्हे.

आता फायबर. काचेच्या तंतूतून उजेड येतो, वीज येत नाही. भिंतीवरचा तो पांढरा मोडेम हेच आता तुमचं घरातलं छोटं एक्स्चेंज. टोन तो देतो, बेल तो वाजवतो, फोनला पोसतोही तोच. त्याचा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगमध्ये आहे. लाइट गेली, मोडेम विझला, की फोनमध्ये सेल कितीही ताजे असोत, टोन येणार नाही. तुम्हाला मोडेमसाठी बॅटरी, म्हणजे छोटा यूपीएस, लागणार आहे.

जुन्या फोनची बेल क्षीण का झाली तेही सांगतो. मोडेममधून निघणारी बेलची वीज एक्स्चेंजइतकी दणकट नसते. घंटेचा जुना फोन त्यावर रडतो, कधी वाजतही नाही. आणि बोट घालून फिरवायची तबकडी असलेला फोन पुष्कळ मोडेमांना कळतच नाही, बटणांचा टोनच लागतो. नव्या फोनच्या खाली किंवा बाजूला टोन आणि पल्सची बारीक कळ असते, ती टोनवर आहे ना ते बघून घ्या. तिच्या शेजारीच बेलच्या आवाजाची कळ असते. फडक्यानं पुसताना ती नकळत बंदवर सरकते. ‘बेल वाजत नाही’ म्हणून मी कितीतरी घरी जाऊन ती एक कळ सरकवून आलोय.

सेल घालण्याची रीत. तिन्ही नवे, एकाच जातीचे, एकाच दिवशी घेतलेले, दीड व्होल्टचे अल्कलाइन. रिचार्जेबल नकोत. त्यांचा एकेक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे तिन्ही मिळून ३.६, फोनला हवेत ४.५. पडदा पुसट दिसणारच. आणि हा फोन सेल चार्ज करत नाही, ते काम बिनवायरच्या फोनच्या बैठकीत असतं. जुना-नवा मिसळला की जुना सेल नव्याला घेऊन बसतो आणि आधी गळतो. अनगोळचे दादा, तुम्ही पण बदला.

सेल घालण्याआधी लाइनची वायर फोनमधून काढायची. नेमकी त्याच वेळी बेल आली आणि बोट आतल्या पत्र्याला लागलं तर झटका बसतो. जीवावरचा नाही, पण म्हातारं माणूस दचकून पडू शकतं. मग फोन उशीवर पालथा घालून झाकण सरकवायचं, खाचेत कोरलेल्या खुणेप्रमाणं सेलची सपाट बाजू स्प्रिंगकडं ठेवून बसवायचे, झाकण लावायचं, पडदा जागा झाला की शेवटी लाइनची वायर टक् आवाज येईपर्यंत आत. काही फोनांत सेल जास्त वेळ बाहेर राहिले की साठवलेले नंबर पुसले जातात. म्हणून नंबर आधी कागदावर उतरवून ठेवा.

निपाणीकर (मंगळवार, सकाळी ८.१५)

काकांनी सगळं फोड करून सांगितलंय. माझी एक भर. आईंच्या फोनमध्ये मोबाइल नंबर साठवणार असाल तर पुढं ० घाला. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाइलला शून्य लावल्याशिवाय जात नाही. माझ्या वडिलांच्या फोनमधले सगळे नंबर त्याआधीचे होते, आणि ‘पोरगं फोनच घेत नाही’ म्हणून ते चार दिवस माझ्यावर रुसून बसले होते.

आणि बेळगावचा घरचा नंबर खानापूरकडून लावताना ०८३१ लागतंय, चंदगडला ०२३२०. सीमेवर राहून नातेवाईक इकडं-तिकडं, त्यामुळं आमच्या घरात कोडचा कागद कायम फोनशेजारी चिकटवलेला असतोय. बटणात साठवतानाच कोडसकट साठवा, आईंना पाठ करायला लावू नका.

शहापूर_पेठ (मंगळवार, दुपारी १.३०)

सेल गळलेत का ते पण बघा. आमच्या सासूबाईंच्या फोनमध्ये दोन वर्षांचे सेल तसेच होते, स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती. नवे घातले तरी पडदा लागेना. अल्कलाइन सेल गळाला तर कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब लिंबू नाहीतर व्हिनेगर घेऊन पुसायचं, पूड विरघळते. मग कोरड्या कापडानं टिपून पूर्ण वाळल्यावरच नवे सेल. हातात प्लास्टिकची पिशवी घाला, ते पाणी कातडीला झोंबतं. साध्या स्वस्त सेलची गळती आंबट असते, तिला लिंबू चालत नाही, चिमूटभर खायचा सोडा ओल्या बोळ्यावर घ्यायचा. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं आणि अर्धा तास घासत बसले होते.

चंदगडी (मंगळवार, रात्री ९.००)

वळवाचं काय करता तुम्ही लोक? आमच्याकडं मे महिन्यात वीज पडली की टेलिफोन आणि टीव्ही एकदम जायचे. फायबरला पण तीच भीती का?

पिलर_ते_रोझेट (बुधवार, सकाळी ७.१०)

काचेतून वीज येत नाही, त्यामुळं तांब्याच्या लाइनवरून घरात शिरणारा धोका गेला. पण मोडेमचा अडॅप्टर लाइटच्या वायरीला आहे, तिकडून येऊ शकते. गडगडायला लागलं की अडॅप्टर भिंतीतून उपटायचा. आता तुम्ही म्हणाल, मग फोन बंद पडला. इथंच छोट्या यूपीएसचा दुसरा फायदा आहे. यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा, मोडेम बॅटरीवर चालू राहतो, लाइटच्या वायरीशी संबंध तुटतो आणि फोनही जिवंत राहतो.

ताई, यूपीएस घेताना मोडेमच्या अडॅप्टरचा फोटो घेऊन दुकानात जा. त्यावर बारीक अक्षरात व्होल्ट आणि अँपियर छापलेले असतात. बहुतेक १२ व्होल्ट, एक ते दोन अँपियर. व्होल्ट अगदी तेच पाहिजेत, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात. काही यूपीएसला ९ व्होल्टचंही तोंड असतं, तिथं चुकून लावू नका. पिनेची जाडी आणि मधल्या टोकाची धन-ऋण खूण जुळली पाहिजे, ती खूण अडॅप्टरवर दोन गोलांच्या चित्रानं दाखवलेली असते.

किती वेळ चालेल ते दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका, हिशेब स्वतः करा. आत ३.७ व्होल्टचे, २००० मिलिअँपियर-तासाचे तीन सेल असतील तर झाले साधारण २२ वॉट-तास. व्होल्ट बदलण्यात काही जातात, उरतात अठरा-एकोणीस. मोडेम आठेक वॉट खात असेल तर सव्वादोन तास. वायफाय लागत नसेल तर बंद ठेवा, थोडा जास्त वेळ मिळेल. घरात इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही, त्याच्या लाइनवरचा प्लग द्या.

मलप्रभेकाठची (बुधवार, दुपारी ३.४५)

काका, तुमचे आभार कसे मानू? आज इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला फोन कसा चालतो ते कळलं. इन्व्हर्टर नाही तिथं. छोटा यूपीएस आजच घेते, अडॅप्टरचा फोटो शेजारच्या मुलानं पाठवलाय. १२ व्होल्ट, दीड अँपियर.

हलशीकर (बुधवार, रात्री ८.२०)

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्याकडं वरच्या खोलीत पण फोन पाहिजे. मोडेमला एकच भोक आहे. जुनी घरातली वायरिंग भिंतीत आहेच, तिला जोडून दिलं तर?

पिलर_ते_रोझेट (गुरुवार, सकाळी ६.४०)

चालतं, पण आधी बाहेरून आलेली जुनी तांब्याची जोडी रोझेटपासून पूर्ण तोडा. ती खांबावर कुठंतरी अजून जोडलेली असेल, ओल्या डबीत लोंबकळत असेल, तर मोडेमची वीज तिकडं जाते. टोन खरखरतो, नाहीतर मोडेमचा फोनचा भागच जळतो. जोडी तोडून टोकं वेगवेगळी टेपनं बांधा. मग मोडेमच्या भोकातून वायर रोझेटला द्या, घरातली सगळी ठिकाणं जागी होतील. दोन फोन आरामात चालतात. जास्त लावले की बेल सगळ्यांत वाटली जाऊन कुठलाच नीट वाजत नाही.

मलप्रभेकाठची (रविवार, रात्री १०.१५)

आजच गावाहून परत आले. वाटेत पाऊस, जांबोटीपर्यंत गाडी रांगत नेली.

सेल काढले तर रिचार्जेबलपैकी एकाच्या टोकाला पांढरं आलेलंच होतं. कापडानं पुसून निघालं. तिन्ही अल्कलाइन घातले आणि पडदा असा लख्ख उठला की आई म्हणाली, “आता दिसतंय गं.” यूपीएस लावला, भिंतीतला प्लग काढून पाहिला, मोडेमचे दिवे ढळले नाहीत. टोन आहे. मी अंगणात जाऊन मोबाइलवरून फोन लावला (पायरीवर रेंज होती), बेल खणखणीत.

एक गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. आई मराठी चौथी शिकलेली. आकडे तिला देवनागरीच ओळखता येतात, आणि फोनच्या बटणांवर ते इंग्रजी वळणाचे. इतकी वर्षं ती बटणांच्या जागेवरून नंबर लावत होती, तिसऱ्या ओळीतलं मधलं, असं पाठ करून. नव्या फोनवर बटणं जरा लांबट आहेत, तर तिचा हात चुकायला लागला होता आणि ती कुणाला सांगत नव्हती. मी वहीच्या कागदावर १ ते ९ आणि ० काढून, कापून, प्रत्येक बटणावर पारदर्शक टेपनं चिकटवले. बाजूला साठवलेल्या नंबरांची मोठी बटणं आहेत, त्यावर अक्षरं नाहीत, चित्रं काढली. माझ्या बटणावर तुळस, शेजारच्यांवर बैल, तिसऱ्यावर लाल अधिक, ते १०८ चं.

पण येणारा नंबर अजून उमटत नाही! मी सहा वेळा फोन लावून पाहिला. काका, हे काय?

अनगोळचा (रविवार, रात्री १०.४०)

कंपनीला सांगून ती सोय चालू करून घ्यावी लागत असेल.

पिलर_ते_रोझेट (सोमवार, सकाळी ६.५५)

असेल, पण एक विचारतो. बेल वाजली की आई फोन किती वेळानं उचलतात?

मलप्रभेकाठची (सोमवार, सकाळी ९.१०)

लगेच. पहिल्या ट्रिंगलाच. ती फोनशेजारीच बसते ना.

पिलर_ते_रोझेट (सोमवार, सकाळी ९.३०)

तेच आहे. आपल्याकडची बेल जोडीनं वाजते, ट्रिंग-ट्रिंग, मग दोन सेकंद शांत, परत ट्रिंग-ट्रिंग. नंबर पाठवायच्या दोन पद्धती आहेत. एकीत तो बेलच्या आधीच येतो. दुसरीत पहिल्या जोडीनंतरच्या त्या शांत जागेत येतो. तुमचा मोडेम दुसऱ्या पद्धतीचा दिसतो. आई शांततेच्या आत उचलतात, नंबर यायला वाव राहत नाही. आईंना सांगा, ट्रिंग-ट्रिंग दोनदा होऊ द्या, पडद्याकडं बघा, मग उचला. त्यानंही आला नाही तर मोडेमच्या आत ती पद्धत बदलण्याची सोय असते, बसवून देणाऱ्याकडून करून घ्या.

मलप्रभेकाठची (सोमवार, संध्याकाळी ६.००)

आला! दोनदा वाजू दिला आणि माझा नंबर आला. आईला मात्र हे पटवायला वेळ लागला. तिचं म्हणणं, समोरचा माणूस एवढ्या लांबून बोलावतोय, त्याला ताटकळत कशाला ठेवायचं. मी म्हटलं, नंबर दिसला तर बँकेचं नाव सांगून फसवणारे कळतील. तिला पटलंय असं वाटतंय, बघू.

निपाणीकर (सोमवार, रात्री ९.२०)

हे फसवणाऱ्यांचं खरं आहे. माझ्या चुलतीकडून एकानं कार्डावरचे आकडे विचारून घेतले होते. ‘नंबर दिसला नाही किंवा ओळखीचा नसला तर पैशाचं काहीही बोलायचं नाही’ एवढं एक वाक्य आम्ही फोनवर चिकटवलंय.

मलप्रभेकाठची (पुढच्या आठवड्यात, गुरुवार, रात्री ११.२०)

धागा वर काढतेय. काल रात्री तिकडं झाड पडून लाइट गेली. मी फोन लावला, नाही लागला. परत छातीत धस्स. शेजारच्या मुलाकडून कळलं, मोडेमवर दिवे आहेत, पण एक लाल लुकलुकतोय आणि टोन नाही. यूपीएस चालू असूनसुद्धा!

पिलर_ते_रोझेट (शुक्रवार, सकाळी ६.३०)

लाल लुकलुकतोय म्हणजे मोडेमला पलीकडून उजेड मिळत नाही. दोन शक्यता. झाडाबरोबर फायबरही तुटली असेल. नाहीतर गावाकडं जिथून फायबर वाटली जाते, तिथल्या यंत्राची लाइट गेली. वाटेवरच्या फाटे फोडणाऱ्या डब्यांना वीज लागत नाही, पण त्या मूळ यंत्राला लागते. लाइट आल्यावर लाल दिवा आपोआप गेला का ते विचारा. गेला असेल तर फायबर शाबूत आहे, त्या खोलीतली बॅटरी थकलेली आहे.

मलप्रभेकाठची (शुक्रवार, दुपारी १२.१०)

आपोआप गेला. म्हणजे तिथली बॅटरी. ती खोली गावातच, पंचायतीच्या बाजूला आहे असं मुलगा म्हणाला. फोन असलेली नऊ घरं आहेत आमच्या वाडीत, बहुतेक सगळी म्हाताऱ्या माणसांची. रविवारी परत जाते आणि सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज करते. कन्नडमध्ये पण लिहून घेते, म्हणजे तालुक्याला कुणी परत पाठवायला नको.

चंदगडी (शुक्रवार, दुपारी २.००)

अर्जात तारखा आणि वेळ लिहा. कधी लाइट गेली, किती मिनिटांनी लाल दिवा लागला. आमच्या गावानं नुसतं ‘फोन बंद असतो’ लिहिलं होतं, तर माणूस उजेडात येऊन ‘चालू आहे’ लिहून गेला.

पिलर_ते_रोझेट (शुक्रवार, दुपारी ४.३०)

अगदी बरोबर. आणि आईंच्या यूपीएसवर मोडेम किती वेळ टिकला तेही लिहा, म्हणजे घरातली बाजू पक्की आहे हे दिसेल. अर्ज मराठीत-कन्नडमध्ये काहीही असो, त्यावर फोन नंबर कोडसकट, ०८३३६ लावून लिहा.

मलप्रभेकाठची (तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १०.५०)

ज्यांनी ज्यांनी विचारपूस केली त्यांच्यासाठी. अर्ज दिला, नऊपैकी आठ घरांच्या सह्या झाल्या. चार तारखा वेळेसह लिहिल्या होत्या. गेल्या बुधवारी त्या खोलीत नव्या बॅटऱ्या बसल्या, त्या घेऊन आलेल्या मुलांनी आमच्याच सोप्यात चहा घेतला.

आज सात वाजता तिकडं लाइट गेली. सव्वासातला माझा मोबाइल वाजला, पडद्यावर ०८३३६. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “तुळस दाबली. अंधार आहे इथं, पण टोन येतोय. तू जेवलीस का?” आम्ही वीस मिनिटं बोललो. भाताची रोपं, शेजारची म्हैस व्याली ते, आत्याचा गुडघा. मध्ये एकदा ती गप्प झाली, म्हणाली थांब, दिवा सारखा करते. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग पावसाचा आवाज येत राहिला, मग ती परत आली.

यूपीएस सव्वानऊपर्यंत टिकला. काकांच्या हिशेबाप्रमाणं सव्वादोन तास. मोठा घ्यायचा विचार आहे, कुणी सहा तासांचा वापरला असेल तर सांगा.